शब्दचर्चा: पर्शियन आखात, अरबी आखात, इराणचं आखात... आणि खाडी?

नमस्कार मंडळी, एक शब्द अडलाय. मी सध्या शारजात असते, इथल्या आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी बाबांवर लेख लिहितेय. बाबा १९६२ साली मुंबईहून 'द्वारका' बोटीने बहारीनला गेले नोकरीसाठी. मी सरळ 'इराणच्या आखातातून' असं लिहिलं, शाळेत भूगोलात तेच शिकले होते. पहिल्या वाचनात एका मैत्रिणीने ते खोडून 'अरबी आखात' केलं, म्हणाली इथे छापायचं तर हेच लिहावं लागेल. टाइप करणाऱ्या दादांनी तिसरंच केलं, 'खाडी'. आता बाबा खाडीतून बहारीनला गेले असं वाचलं की मला दाभोळची खाडी आणि तिथली फेरीबोटच डोळ्यासमोर येते. बरोबर काय?

--

ताई, आधी खाडीचं बघू कारण ते सोपं आहे. हिंदीत खाडी म्हणजे आपलं आखात आणि आपला उपसागर दोन्ही, म्हणून तिकडे 'बंगाल की खाड़ी', 'खाड़ी युद्ध', 'खाड़ी देश'. मराठीत खाडी म्हणजे भरतीचं पाणी जिथवर नदीत शिरतं तो भाग, वाशीची, वसईची, दाभोळची. खाडीला भरती-ओहोटी असते, चिखल असतो, तिवरं असतात, पलीकडचा काठ दिसतो. हिंदी बातम्यांवरून घाईघाईत भाषांतर करताना 'खाडी देश' हल्ली मराठीतपण यायला लागलंय आणि मला ते खरंच खटकतं, आपल्याकडे आखात, उपसागर, खाडी असे तीन वेगळे शब्द असताना एकाच शब्दावर सगळं का भागवायचं? कच्छचं आखात, खंबातचं आखात आपण रोज म्हणतो की. तेव्हा आखात ठेवा.

आता भांडणाचा भाग, म्हणजे आखात कुणाचं. उत्तरेचा जवळजवळ सगळा किनारा इराणचा, दक्षिणेला आणि पश्चिमेला अरब देश. इराण, म्हणजे जुना पर्शिया, म्हणतो खलीज-ए-फार्स, अरब म्हणतात अल-खलीज अल-अरबी. जुनं नाव कुठलं याबद्दल मला तरी शंका नाही. ग्रीक आणि रोमन भूगोलकार याला पर्शियन आखातच म्हणत, आणि गंमत म्हणजे 'अरबी आखात' हे नावही त्यांच्याकडे होतं, पण ते तांबड्या समुद्राला! दहाव्या शतकातले भूगोलकार इस्तख्री, इब्न हौकल, जे स्वतः अरबीत लिहायचे, तेसुद्धा 'बह्र फारिस' म्हणजे फार्सचा, पर्शियाचा समुद्र असंच लिहितात. 'अरबी आखात' जोरात आलं ते १९५०-६० च्या दशकात, इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासर यांच्या काळात अरब राष्ट्रवाद उसळला तेव्हा. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाने १९९४ आणि १९९९ मध्येही आपल्या कागदपत्रांत पर्शियन आखात हेच नाव वापरायच्या सूचना दिल्या होत्या.

पण शब्द म्हणून मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. 'खलीज-ए-फार्स' नीट बघा. खलीज हा शब्द अरबी. आणि फार्स? मूळ शब्द पार्स, अरबीत प नाही म्हणून त्याचा फ झाला. म्हणजे इराण ज्या नावासाठी इतका हट्ट धरतो त्या नावाच्या दोन्ही शब्दांवर अरबीची छाप आहे. आपल्याकडे तर दोन्ही रूपं सुखाने नांदतात, माणूस पारशी आणि भाषा फारसी, शब्द एकच. हे मला कळलं तेव्हा मी घरी सगळ्यांना धरून धरून सांगितलं होतं.

--

> हे एवढं नावापुरतंच असेल ना, कोण इतकं मनाला लावून घेतं?

लावून घेतात दादा, खूपच. २००४ मध्ये नॅशनल जिओग्राफिकच्या अ‍ॅटलासमध्ये पर्शियन आखाताच्या खाली कंसात 'अरबी आखात' छापलं तर इराणने त्यांच्या मासिकावर बंदी घातली, पुढे त्यांनी मजकूर सुधारला. २०१० मध्ये तेहरानला इस्लामिक देशांच्या क्रीडास्पर्धा व्हायच्या होत्या, मेडलवर 'पर्शियन आखात' असणार म्हणून वाद झाला आणि स्पर्धाच रद्द. त्याच वर्षी इराणच्या मंत्र्यांनी परदेशी विमान कंपन्यांना बजावलं की विमानातल्या पडद्यावर 'अरबी आखात' दाखवाल तर आमच्या हद्दीतून उडू देणार नाही. २०१२ मध्ये गुगल मॅप्सवर त्या पाण्यावर काहीच नाव नव्हतं, इराणने त्यावरूनही कोर्टात जायची धमकी दिली. २०२३ च्या जानेवारीत बसऱ्याला अरबी आखात कप झाला फुटबॉलचा, तर नावावरून इराणने इराकच्या राजदूताला बोलावून निषेध नोंदवला. इराणच्या स्वतःच्या फुटबॉल लीगचं नाव काय? पर्शियन गल्फ लीग. आणि २०२५ च्या मे महिन्यात ट्रम्प 'अरबी आखात' म्हणायचं जाहीर करणार अशी बातमी आली तेव्हा इराणमध्ये सरकारच्या बाजूचे आणि विरोधातले सगळे एका सुरात चिडले होते.

इराणी लोकांची बाजू मला समजते. तिकडे १० उर्दिबेहेश्त म्हणजे एप्रिलच्या शेवटी पर्शियन आखात दिन असतो, १६२२ मध्ये शाह अब्बासच्या सैन्याने होर्मुझ बेटावरून पोर्तुगीजांना हाकललं त्याची आठवण म्हणून. या होर्मुझचा कारभार गोव्यातल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या हाताखाली चालायचा, म्हणजे गोवा आणि ते बेट शंभरेक वर्षं एकाच सत्तेखाली होते. अरबांचंही मी समजू शकते, किनाऱ्यावरचे आठपैकी सात देश अरब, पिढ्यानपिढ्या मोती काढले तिथे, त्यांना आपल्या समोरच्या पाण्यावर दुसऱ्याचं नाव वाचावं लागतं. तरी नाव ही मालकी नाही असं मला वाटतं. आपल्या समुद्राला आपण अरबी समुद्र म्हणतोच की, त्याने रत्नागिरीचा किनारा कुणी नेला नाही.

--

> मग मराठीत इराणचं आखात लिहायला काय हरकत?

हरकत नाही, जुन्या पुस्तकांत तेच आहे. पण माझं मत 'पर्शियन आखात'ला. इराणचं म्हटलं की 'चं' येतो आणि आपल्या कानाला ते मालकीसारखंच लागतं, जसं इराणचं तेल, इराणचं सैन्य. १९३५ पासून बाहेरच्या देशांनी पर्शिया न म्हणता इराण म्हणावं अशी रझा शाहने विनंती केली, म्हणजे इराण हे आजच्या देशाचं नाव झालं. पर्शियन मात्र जुना शब्द, तो आजच्या सरकारला चिकटत नाही. बंगालचा उपसागर म्हणताना तसं होत नाही असं कुणी म्हणेल, पण बंगालशी त्या नावावरून कुणाचं भांडण नाही म्हणून आपलं लक्ष जात नाही इतकंच.

आणि ज्यांना दोन्ही टाळायचं आहे त्यांनी अरबी व्याकरणातली एक युक्ती बघावी. १९८१ मध्ये अबुधाबीत सहा अरब देशांनी संघटना काढली, आपण तिला आखाती सहकार्य परिषद म्हणतो. तिचं अरबी नाव आहे 'मजलिस अत-तआवुन लि-दुवल अल-खलीज अल-अरबिया'. शेवटचं विशेषण अरबिया, स्त्रीलिंगी. खलीज पुल्लिंगी आहे, त्याला लागलं असतं तर अरबी झालं असतं. ते लागतं दुवल म्हणजे देश या अनेकवचनाला. म्हणजे देश अरब, आखात नुसतंच आखात. किती नेमकं काम आहे हे!

--

> ताई, मी मूळ प्रश्न विचारणारी. मग 'आखातातून' एवढंच लिहू का? आणि अखात की आखात?

लिहा ना, शारजात छापताय तर नुसतं आखात अगदी योग्य, त्यात खोटं काही नाही. आखाती देश, आखातातले पैसे, आखातात मुलगा आहे असं आपण पन्नास वर्षं म्हणतोय, कोकणातल्या घराघरांत. तिथे 'अरबी' घालायची सक्ती करत असतील तर विशेषणच काढून टाका, पण स्वतःच्या वहीत मात्र पर्शियन लिहा असं मी म्हणेन. पुरावा बाबांच्या सामानातच असेल बघा. त्या काळी बहारीनमध्ये रुपयाच चालायचा, रिझर्व बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या, दहाची लाल, नंबराआधी झेड अक्षर. नोटा जमवणारे आजही त्यांना पर्शियन गल्फच्या नोटा म्हणतात.

अखात-आखात दोन्ही दिसतं, आता आखात जास्त रुळलंय. संस्कृतात खात म्हणजे खणलेलं, खण, खाण त्याच घरातले, आणि अमरकोशात अखातला पर्याय देवखातक दिलाय, माणसाने न खणलेलं पाणी, देवाने खणलेलं.

--

सापडली!! आईने फोटो पाठवला. लाल दहाची नोट, बाबांच्या पासपोर्टच्या कव्हरमध्ये, घडी घालून घालून मधोमध चिरलीय, झेड स्पष्ट दिसतोय. आईला विचारलं की बाबा त्या समुद्राला काय म्हणायचे, तर म्हणाली, दर्या. आमच्याकडे सगळ्याच समुद्राला दर्या. हा पण फारसीच शब्द ना?

--

हो ताई, दर्या फारसीच. बंदरसुद्धा, आणि नाखवासुद्धा, नाखुदावरून आलेला. लेखात तोच वापरा, बाबांचाच शब्द आहे.