एडिसन स्टँडर्ड फोनोग्राफ: रिप्रोड्यूसर, पट्टा, कर्णा गायब. सुरुवात कुठून करावी?

जुनीचावी:
एडिसनचा स्टँडर्ड फोनोग्राफ दुरुस्तीला घेतला आहे. पेटी, मॅन्ड्रेल (सिलिंडर चढवायचा फिरता दंडगोल), मोटर, गव्हर्नर (वेग स्थिर ठेवणारा भाग) जागेवर आहेत. रिप्रोड्यूसर (सुई आणि पडदा असलेला, आवाज काढणारा भाग), मोटरवरून मॅन्ड्रेल फिरवणारा पट्टा आणि कर्णा नाही. हाफ नटचे (फीड स्क्रू या लांब आटेदार दांड्यावर बसून रिप्रोड्यूसर पुढे सरकवणाऱ्या अर्ध्या नटचे) दात बोथट झालेत. चावी दिली की मोटर चालते, पण मधूनच आत ‘धप्प’ असा आवाज होतो आणि वेग क्षणभर ढळतो. सोबत दोन सिलिंडर आहेत, एक काळा मेणाचा आणि एक निळा. निळा मॅन्ड्रेलवर अर्ध्यातच अडकतो. विकायला सी, एच, के, ओ अशा अक्षरांचे रिप्रोड्यूसर दिसतात. कोणता घ्यावा?

पितळी_कर्णा:
रिप्रोड्यूसर आत्ता शोधायला लागा, पण बसवा सगळ्यात शेवटी. कॅरेज, म्हणजे रिप्रोड्यूसर धरून सरकणारा भाग, नीट सरकत नसताना सुई टेकवली तर ती एकाच खाचेत घासत राहते आणि मेण कापलं जातं. सुटा भाग पुन्हा मिळेल, तो सिलिंडर नाही.

आधी यंत्र किती मिनिटांचे सिलिंडर वाजवतं ते ठरवा. एडिसनचा चार मिनिटांचा सिलिंडर, अँबरॉल, १९०८ मध्ये आला. दोन मिनिटांच्या सिलिंडरवर इंचाला १०० खाचा असतात, चार मिनिटांच्या सिलिंडरवर २००. मॅन्ड्रेलच्या टोकाला गिअर बदलायचा खटका नसेल तर तुमचं यंत्र फक्त दोन मिनिटांचं आहे, आणि त्याला मॉडेल सी लागतो. एच चार मिनिटांसाठी. के मध्ये दोन्ही सुया असतात, फिरवून हवी ती पुढे आणायची. ओ चा घेर मोठा असतो, सी साठी केलेल्या भोकात तो जात नाही. कॅरेजचं भोक व्हर्नियरने मोजा, सी ला साधारण ४३ मि.मी. लागतं.

निळा म्हणजे ब्लू अँबरॉल (१९१२ पासूनचे): वर सेल्युलॉइड, आत प्लास्टर. प्लास्टर दमटपणाने फुगतं म्हणून तो अडकतोय. दाबून बसवू नका, तडकतो. गोल काठीला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून आतून हलक्या हाताने घासा, चार-पाच फेऱ्यांनी मॅन्ड्रेलवर घालून पाहा. पाणी अजिबात नको. आणि हा सिलिंडर चार मिनिटांचा आहे. त्याच्यावर सी टेकवू नका, ती सुई त्या खाचेला जाड पडते. शिवाय दोन मिनिटांच्या यंत्राचा फीड स्क्रू सुईला दुप्पट वेगाने पुढे ओढत राहील.

मेणाचा सिलिंडर दोन बोटं आत घालून, फाकवून उचलायचा. बाहेरून मुठीत धरला तर हाताच्या उबेनेही थंड मेण तडकू शकतं.

आटेदार:
‘धप्प’ आवाज म्हणजे स्प्रिंगच्या डब्यातलं ग्रीस वाळलंय. वेढे एकमेकांना चिकटतात आणि ताण वाढला की एकदम सुटतात. वरून तेल ओतून हे जात नाही, स्प्रिंग बाहेर काढावीच लागते.

त्याआधी मोटर पूर्ण उतरू द्या. चावी भरलेली असताना गव्हर्नर काढला तर सगळी गिअरमाला बेफाम सुटते आणि दात उडतात. नंतर डबा उघडून, जाड हातमोजे घालून, स्प्रिंग मधल्या टोकापासून एकेक वेढा सोडवत काढा. दुसऱ्या हाताने डबा फडक्यात घट्ट धरून ठेवा. रॉकेलने धुवा, कोरडी करा, नव्या ग्राफाइट ग्रीसचा पातळ थर द्या. बाहेरच्या टोकाचं भोक बघून घ्या, चीर बहुधा तिथूनच सुरू होते. नवी स्प्रिंग घ्यायची तर रुंदी, जाडी आणि लांबी तिन्ही मोजून घ्या. रुंदी जरा जास्त झाली तरी ती डब्याच्या झाकणाला घासते.

हाफ नट. फीड स्क्रूचे आटे इंचाला १००, म्हणजे एका आट्याचं अंतर ०.२५४ मि.मी. इतक्या बारीक कामात बोथट दात चालत नाहीत. पण नट टाकून देण्याआधी फीड स्क्रू साफ करा: रॉकेलमध्ये भिजवलेला शिवणाचा दोरा आट्यात धरून हाताने स्क्रू फिरवा. शंभर वर्षांचा काळा चिखल निघतो, आणि बरेचदा नट घसरण्याचं खरं कारण तोच असतो. मग नटचे दात भिंगातून पाहा. शेंडे चपटे असतील तर बदला. नट धरून ठेवणारी पट्टीची स्प्रिंग वाकवून दाब वाढवायच्या फंदात पडू नका. नट आट्यांत नुसता बसावा, कॅरेजचा भार त्याच्यावर येता कामा नये.

जुनीचावी:
स्प्रिंग धुतली, धप्प गेलं. फीड स्क्रू धुतल्यावर नटही धरतोय. पट्टा कातडी घालायचा ना? वेग कसा तपासायचा?

आटेदार:
कातडीच. रुंदी पुलीवरून मोजा. लांबीसाठी ताण देणारी छोटी पुली तिच्या चालीच्या मध्यावर धरून दोन्ही पुल्यांभोवती टेप फिरवा. दोन्ही टोकं तासून १५ मि.मी. एकमेकांवर चढवा आणि चिकटवा. जोड पट्ट्याच्या जाडीइतकाच राहिला पाहिजे. जाड राहिला तर पट्ट्याच्या दर फेरीला सूर एकदा डुलतो. मॅन्ड्रेलच्या दर फेरीला डुलला तर दोष पट्ट्यात नाही, सिलिंडर वाकडा किंवा दांडा वाकलेला.

वेग मिनिटाला १६० फेरे. मॅन्ड्रेलवर कागदाची खूण लावा, १५ सेकंदांत ४० फेरे झाले पाहिजेत. ५० सायकलच्या विजेवर लुकलुकणाऱ्या दिव्याखाली स्ट्रोबची पट्टी (मॅन्ड्रेलभोवती गुंडाळायची रेघांची कागदी पट्टी) वापरायची तर ७५ समान रेघांची करा. दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, म्हणून १६० फेऱ्यांना हिशेबाने ३७.५ रेघा येतात. तेवढ्या आखता येत नाहीत म्हणून दुप्पट. वेग बरोबर असला की रेघा थांबल्यासारख्या दिसतात.

पितळी_कर्णा:
सी मिळाला की आतले रबरी गॅस्केट बदलूनच वापरा. जुनं रबर दगडासारखं होतं आणि आवाज पत्र्यासारखा येतो. मऊ रबराच्या बारीक नळीची दोन वर्तुळं करा, एक पडद्याच्या वर, एक खाली. नळीची टोकं एकमेकांना नुसती भिडावीत, चढू नयेत. पडदा धरणारं कडं फार आवळू नका. सफायरची (नीलमण्याची) सुई २० पट भिंगाखाली पाहा, गोलाई सपाट झाली असेल किंवा टवका उडाला असेल तर ती सुई वापरूच नका.

मग रिप्रोड्यूसरखालचं, सुई दाबून धरणारं वजन. ते मागच्या बिजागरीवर वर-खाली आणि थोडं आडवंही मोकळं हललं पाहिजे, त्या आडव्या हालचालीवरच सुई खाच धरून राहते. सुई टेकवल्यावर वजनाची पुढची पिन तिच्या फटीच्या मध्ये तरंगताना दिसावी. वर किंवा खाली टेकली असेल तर कॅरेजची उंची स्क्रूने बदला. शेवटी कर्णा: रबरी जोडनळी मऊ आणि थोडी सैल ठेवा. ताठ राहिली तर कर्णा कॅरेजला मागे ओढतो आणि इतकी खटपट करून नीट केलेला नट पुन्हा घसरायला लागतो.