चांदोली की दाजीपूर? पोरगी आणि सासरे घेऊन जायचंय

रंकाळा_कट्टा:
नमस्कार मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापुरातनं एक दिवस जंगलात जायचं ठरतंय. मी, बायको, दुसरीतली पोरगी आणि सासरे, त्यांचे गुडघे दुखत्यात म्हणून चढ नको. पोरगी वाघच बघायचा म्हणून बसलीय, बायकोला डोंगर, धरण आणि फोटो एवढं झालं की बास. चांदोली नॅशनल पार्क करावं का आपलं दाजीपूर? गाडी स्विफ्ट हाय, आत जातीय का? आणि खरंच काय दिसतंय का नुसती झाडंच?

सडा_फिरस्ता:
वाघाचं पोरीला आत्ताच समजावून सांगा. चांदोली आणि कोयना मिळून 2010 ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, वाघ हाय, पण तो वनविभागानं झाडाला लावलेल्या ट्रॅप कॅमेऱ्याला दिसतो, आपल्याला नाही. ताडोब्याशी तुलनाच नको, तिथं पानगळीचं जंगल, उन्हाळ्यात सगळं उघडं पडतंय, इथं सदाहरित-निमसदाहरित, चार झाडांपलीकडं गवा उभा असला तरी कळत नाही, त्यात दिवाळीला ओढे वाहतेच असत्यात, गवत माजलेलं, मग जनावर पाणवठ्यावर येईलच कशाला? जनावरांसाठी एप्रिल-मे, डोंगरांसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर, दोन्ही एका फेरीत मागू नका. तुमच्या तारखेला चांदोली बरं. 34 टीएमसीचं धरण भरलेलं असतंय, झोळंबीचा सडा (म्हणजे वरचं कातळाचं पठार) हिरवा असतो आणि गाडीत बसून बरंच बघून होतं. पोरीला मात्र वर बघायची सवय लावा. शेकरू फांदीवरच असतंय आणि धनेश पक्षी उडाला की पंखांचा आवाज आधी येतो.

वारणाकाठ:
वरचं बरोबर हाय पण एक राहिलं. आमचं मूळ गाव आतच होतं, धरण आणि अभयारण्यापायी उठवलेल्यातलं. आत मोकळी गवताची पट्टी दिसली की समजायचं, तिथं कुणाची तरी भाताची खाचरं होती. आता तिथंच गवे आणि सांबरं चरायला येत्यात, म्हणून नजर ठेवायची ती तिथं, दाट झाडीत डोळे फोडून काय उपयोग नाही. जुनी आंब्या-फणसाची झाडं पण दिसतील. गाईड गावातलाच घ्या, कुठल्या खाचरात कळप उतरतो ते त्याला ठावं असतंय. बाकी लोकं येऊन 'काय अनटच्ड जंगल हाय' म्हणत्यात तेव्हा जरा हसू येतं.

पंचगंगा_घाट:
गवाच बघायचा तर एवढं लांब कशाला, 2021 च्या डिसेंबरात तोच आपल्याकडं नदीपर्यंत आल्ता की 😄

दाजीपूरची_सून:
चेष्टा राहू दे, गव्यासाठी दाजीपूरच. 1958 पासनं ते गव्यांचंच अभयारण्य. पण रंकाळा दादा, आतला रस्ता कच्चा आणि दगडधोंड्यांचा हाय, तिथं स्विफ्ट घालू नका, जीप लागते आणि ती एवढी हादरती की तुमच्या सासऱ्यांचे गुडघेच काय, कंबर पण बोलेल. आम्ही मे महिन्यात गेल्तो, सावराई सड्याकडं कळप दिसला, पिल्लं मधी आणि मोठ्या गायी बाहेरनं. एकटा नर रस्त्यात उभा असला तर गाडी लांबच थांबवायची, हॉर्न नाही, खाली उतरणं तर नाहीच. लोकं सेल्फीसाठी दार उघडत्यात ते बघून अंगावर काटा येतो.

रंकाळा_कट्टा:
भारी माहिती, धन्यवाद. मग चांदोलीच करतो. रस्ता कसा धरू, आणि जेवणाचं काय?

सडा_फिरस्ता:
बांबवडे, कोकरूड करत वारणावती, पुढं मणदूर. पहाटेच निघा, ऊन चढलं की पक्षी पण गप. आत कायबी मिळत नाही, डबा घरनंच न्या, प्लास्टिक तेवढं टाळा आणि खरकटं परत आणा, नायतर माकडं सवयीला लागत्यात. पावसाळ्यात पार्क बंद असतंय, लांबला तर उघडायला पण उशीर होतो, त्यामुळं निघायच्या आदल्या दिवशी वनविभागाच्या ऑफिसला फोन करा, गाडी आतपर्यंत सोडतात का ते पण तिथंच विचारा. पोरीला भडक लाल फ्रॉक नको, आणि पायात बूट, गवतात गोचीड असतंय.

वारणाकाठ:
आणि दुर्बीण असली तर सासऱ्यांच्या हातात द्या, चालायचं नसलं की माणूस निवांत बघतो.