जुन्या पंचांगातली घटी-पळे घड्याळाशी जुळत नाहीत. शिवाय घटिकापात्राला भोक किती मोठं?

जुनीपोथी

दोन प्रश्न आहेत, एकमेकांना चिकटलेले.

पहिला: १८८० च्या दशकातलं, पुण्याच्या रेखांशावर केलेलं एक पंचांग आहे. संक्रांतीच्या आसपासच्या एका ओळीत तिथीपुढे (ती संपायची वेळ) "२३।४७" आणि दिनमानाखाली (सूर्योदय ते सूर्यास्त एवढा वेळ) "२७।४०" छापलंय, आधी घटी, मग पळे. एक घटी म्हणजे २४ मिनिटं एवढं माहीत आहे. सकाळी सहापासून मोजलं तर तिथी दुपारी ३ वाजून ३१ मिनिटांनी संपते. मोबाइलवरचं पंचांग त्याच दिवसासाठी ४ वाजून ५५ मिनिटं दाखवतं. जवळपास दीड तासाचा फरक! गणित चुकतंय की पंचांग?

दुसरा: शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी चालतं घटिकापात्र (पाण्यावर ठेवली की बुडातल्या भोकातून भरत जाऊन एका घटीत बुडणारी वाटी) करायचंय. वाटीला केवढं भोक पाडायचं, याचं ठाम उत्तर कुठेच सापडत नाही.

रेखांश७३

गुणाकार बरोबर आहे, सुरुवात चुकली. घटी सहा वाजल्यापासून मोजत नाहीत, त्या दिवशीच्या त्या गावच्या सूर्योदयापासून मोजतात.

आधी सोपी रीत सांगतो. २४ ने गुणत बसू नका. अडीच घटी म्हणजे एक तास आणि अडीच पळे म्हणजे एक मिनिट, म्हणून दोन्ही आकडे अडीचने भागा. २३ भागिले अडीच म्हणजे ९.२ तास, म्हणजे ९ तास १२ मिनिटं. ४७ भागिले अडीच म्हणजे १८.८ मिनिटं. एकूण ९ तास ३१ मिनिटं. संक्रांतीच्या सुमारास पुण्यात सूर्य साधारण ७ वाजून १० मिनिटांनी उगवतो. बेरीज केली की दुपारचे ४ वाजून ४१ मिनिटं. दीड तासाचा फरक पाव तासावर आला.

सूर्योदयाची वेळ हाताशी नसेल तरी अडत नाही, ती त्याच ओळीत दडलेली आहे. दिनमान २७।४० म्हणजे ११ तास ४ मिनिटं. त्याचं निम्मं, ५ तास ३२ मिनिटं, हे दिनार्ध. सूर्य माथ्यावर येतो तेव्हा बारा धरले तर सूर्योदय ६ वाजून २८ मिनिटांनी. ही सूर्यघड्याळाची वेळ झाली. ती मनगटावरच्या घड्याळात आणायला दोन संस्कार लागतात.

एक, वेलांतर. सूर्यघड्याळ वर्षभर एकसारखं चालत नाही. ११ फेब्रुवारीच्या सुमारास ते १४ मिनिटं मागे असतं आणि ३ नोव्हेंबरच्या सुमारास १६ मिनिटं पुढे. साधारण १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबरला फरक शून्य. जानेवारीच्या मध्यात ते सुमारे ९ मिनिटं मागे असतं, म्हणून ९ मिळवा: ६ वाजून ३७.

दोन, देशांतर. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. त्याच्या पश्चिमेला दर अंशाला ४ मिनिटं मिळवायची. पुण्याला साडेचौतीस. म्हणजे ७ वाजून साडेअकरा मिनिटं. आधीच्या ७-१० शी दीड मिनिटाचा फरक उरतो. आजच्या तक्त्यांत सूर्याची वरची कड दिसली की उदय धरतात आणि हवेमुळे किरण वाकतात तेही हिशेबात घेतात. जुनं दिनमान कशावर काढलंय ते प्रत्येक पंचांगात सारखं नसतं. एवढ्यासाठी डोकं शिणवू नका.

इतर गावांसाठी मिळवायची मिनिटं: मुंबई ३९, रत्नागिरी ३७, नाशिक आणि पणजी ३५, कोल्हापूर ३३, छत्रपती संभाजीनगर २९, सोलापूर २६, नागपूर १४, गोंदिया ९. मुंबई आणि गोंदिया एकाच राज्यात आहेत, पण दोन्हीकडच्या सूर्यात अर्धा तास आहे.

आणखी एक खाच. घटी दिनमानापेक्षा जास्त असतील तर ती वेळ सूर्यास्तानंतरची. ४५ घटी म्हणजे सूर्योदयानंतर १८ तास, म्हणजे याच दिवशी रात्री १ वाजून १० मिनिटं. इंग्रजी तारीख बदललेली असते, पण वार पुढच्या सूर्योदयापर्यंत तोच. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्यासाठीच "उ. रात्री" (उत्तररात्री) लिहितात. ते न पाहता तारीख धरली की आख्खा दिवस चुकतो.

कंसात_काय

यावरून आठवलं: राहुकाल सोमवारी "साडेसात ते नऊ" असा जो छापतात, तोही सहा ते सहा दिवस धरूनच. राहुकाल म्हणजे दिनमानाचा आठवा भाग, तो घटीसारखा ठराविक लांबीचा नाही. ११ तास ४ मिनिटांचा आठवा भाग ८३ मिनिटं. सोमवारी दुसरा भाग, म्हणजे पुण्यात जानेवारीत ८-३३ ते ९-५६. साडेसातला तर सूर्य नुकताच वर आलेला असतो. पाळायचा की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं, पण पाळणाऱ्यानं भागाकार तरी करावा.

घटी आणि मुहूर्त यांची सरमिसळ इथेच होते. घटी कायम २४ मिनिटांची. प्रहर किंवा दिवसाचा मुहूर्त (दिनमानाचा पंधरावा भाग) मात्र ऋतूप्रमाणे ताणतो आणि आखडतो. "मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटं" हे दिनमान बरोबर ३० घटी असेल तेव्हाच तंतोतंत खरं.

तांबटआळी

घटिकापात्राबद्दल. भोकाचा ठाम आकडा सापडत नाही, कारण तो एकटा आकडा नसतोच. वाटीचं वजन, तोंडाचा व्यास, उंची आणि भोक, या चारांचं मिळून २४ मिनिटं होतं. भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणीच्या यंत्राध्यायात हा घोळ एका फटक्यात मिटवलाय: तांब्याचं अर्ध्या घटासारखं पात्र घ्या, बुडाला भोक ठेवा, अहोरात्रात किती वेळा बुडतं ते मोजा आणि अहोरात्राला त्या संख्येने भागा. येईल ते तुमच्या पात्राचं माप. इतर जुन्या ग्रंथांत तांब्याचं वजन आणि सोन्याच्या सुईची लांबी देत बसलेत, ते करणाऱ्याच्या कामाचं नाही.

शाळेसाठी गोल वाटी घेऊ नका. सरळ उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा स्टीलचा छोटा डबा घ्या. गोल वाटीत बाहेरच्या आणि आतल्या पाण्याच्या पातळीतला फरक सतत बदलतो. सरळ डब्यात तो बुडेपर्यंत सारखा राहतो, म्हणून पाणी एका गतीनं भरतं आणि आतल्या भिंतीवर पळांच्या खुणाही समान अंतरावर करता येतात.

उदाहरण: व्यास ८ सेंमी, उंची ६ सेंमी, वजन १०० ग्रॅम. हा डबा रिकामा असताना २ सेंमी पाण्यात बसतो. म्हणजे आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा कायम २ सेंमी खाली. आत ४ सेंमी पाणी (सुमारे २०० मिली) झालं की काठ पाण्याला टेकतो आणि डबा एकदम खाली जातो. यासाठी भोक साधारण ०.७ मिमी लागतं. अंदाज असा: ०.५ मिमीला सुमारे ४६ मिनिटं, ०.६ ला ३२, ०.७ ला २३. वेळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणून भोक मोठं करताना हात आवरता ठेवा. एकदा मोठं झालेलं भोक लहान होत नाही, झाळून पुन्हा पाडावं लागतं.

सर्किट बोर्डाला भोकं पाडायचा ०.५ मिमीचा ड्रिल घ्या. बुडाच्या बरोबर मध्यावर पोगराने (टोकदार पंचाने) हलकी खूण करून भोक पाडा, कडेला आलेली धार बारीक पॉलिश पेपरने काढा. मग सुईने किंचित किंचित वाढवत २५ ते २६ मिनिटांवर आणून थांबा. उरलेली एक-दोन मिनिटं वजनाने काढायची. या मापाच्या डब्यात ४ ग्रॅम वाढवले की जवळपास एक मिनिट कमी होतं, १० ग्रॅमला सव्वादोन. वजन बुडावर आतून, भोकाभोवती सारखं पसरून चिकटवा. एका बाजूला पडलं की डबा कलतो आणि काठ लवकर बुडतो.

हमखास बिघडतं ते असं:

पाणी आत शिरतच नाही. कोरड्या किंवा तेलकट बुडावर इतक्या बारीक भोकातून पाण्याचा थेंब फुगतो आणि तिथेच अडतो. २ सेंमीचा दाब त्याला फोडायला पुरत नाही. उपाय: डबा साबणाने धुवा, चांगला खळबळून घ्या, आत चमचाभर पाणी फिरवून ओतून टाका. बूड ओलं असलं की पाणी लगेच सुरू होतं. प्रदर्शनात "काल चालत होतं, आज बंद" असं होतं ते बहुधा यामुळेच.

मध्येच मंदावतं. कचरा. पाणी दुपदरी फडक्यातून गाळून घ्या. बोअरचं जड पाणी असेल तर काही दिवसांत भोकाच्या कडेला क्षार धरतात. भास्कराचार्यांची मुलगी लीलावती हिच्या लग्नात पात्रात मोती पडून भोक बुजलं ही दंतकथा आहे, पण बिघाड अगदी खरा आहे.

सकाळी मागे, दुपारी पुढे. गार पाणी दाट असतं, बारीक भोकातून सावकाश येतं. ज्या वेळी दाखवायचंय त्याच वेळच्या पाण्यात जुळवणी करा.

बाहेरचं भांडं घंगाळाएवढं रुंद, पाणी किमान १५ सेंमी खोल, पंखा बंद. सहा वेळा लावा, पहिली वेळ सोडून द्या, उरलेल्या पाचांची सरासरी घ्या. पाचांत अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त तफावत आली तर भोकाची कड तपासा.

प्लॅस्टिकची वाटी चालणार नाही. भरते, पण बुडत नाही, तरंगत राहते.

कंसात_काय

तांबटआळी यांच्या माहितीत भर: पात्र बुडाल्यावर काढून, ओतून, परत ठेवायला १० सेकंद गेले तरी ६० घटींत १० मिनिटं जातात. म्हणून पूर्वी सूर्योदयाला मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करत, चूक पुढच्या दिवसावर जात नसे. जमल्यास दोन पात्रं करा, एक बुडताच दुसरं ठेवायचं. आणि बुडाल्यावर ठोका द्यायला काशाची थाळी ठेवा. तिलाच "तास" म्हणायचे. "घटका गेली पळे गेली, तास वाजे ठणाणा" मधला तास तोच.

शून्य_अंश

मूळ प्रश्नातला उरलेला पाव तास कुणी घेतला नाही. तिथे दोन शक्यता आहेत आणि दोन्ही तपासता येतात.

पहिली मोबाइलची. ॲप १८८० च्या दशकातली वेळ कुठल्या घड्याळात दाखवतंय? भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासूनची. संगणकांत वापरल्या जाणाऱ्या कालक्षेत्रांच्या तक्त्यात भारतासाठी १८७० ते १९०५ पर्यंत मद्रास वेळ धरलेली आहे, ग्रिनिचच्या ५ तास २१ मिनिटं १० सेकंद पुढे. ती आजच्या वेळेपेक्षा जवळपास ९ मिनिटं मागे. सेटिंगमध्ये कालक्षेत्र "आशिया/कोलकाता" असेल तर हा फरक गुपचूप लागू होतो. ॲपला हातानं "+५:३०" देऊन पुन्हा पाहा.

जुन्या जन्मवेळा तपासतानाही हेच सांभाळा. मुंबईचा स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होता आणि महापालिकेनं तो १९५५ पर्यंत चालवला. त्यामुळे शहरातल्या जुन्या नोंदीत "सकाळी ८" म्हणजे कुठले आठ ते नोंद कुणी केली यावर ठरतं. रेल्वेचे आठ वेगळे. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात तर युद्धामुळे देशभर घड्याळं एक तास पुढे होती. त्या तीन वर्षांतली वेळ तास वजा न करता वापरली की लग्नच चुकतं. म्हणजे पत्रिकेतलं लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास), मांडवातलं नव्हे.

दुसरी शक्यता पंचांगाची. त्या काळची आपल्याकडची बहुतेक पंचांगं ग्रहलाघवावरून केलेली. नांदगावच्या गणेश दैवज्ञांचा शके १४४२ चा, म्हणजे १५२० चा ग्रंथ. त्यातल्या रीतीनं तिथी जास्तीत जास्त ६५ घटींची आणि कमीत कमी ५४ घटींची निघते, यालाच "बाणवृद्धी रसक्षय" म्हणतात (बाण म्हणजे पाच, रस म्हणजे सहा: साठ घटींवर पाच वाढ, सहा घट). आकाशात प्रत्यक्ष मोजली तर ती सुमारे ६७ पासून ५० पर्यंत जाते. त्यामुळे दृक् गणिताशी (प्रत्यक्ष आकाशाशी जुळणाऱ्या गणिताशी) घटी-दोन घटींचा फरक नेहमीचा, कधी त्याहूनही मोठा. दोन्ही आकडे आपापल्या गणितानं बरोबर असतात.

जुनीपोथी

+५:३० दिल्यावर ॲप ५ वाजून ४ मिनिटं दाखवतं. म्हणजे मद्रास वेळच होती. आता पंचांगाचे (सूर्योदय ७ वाजून साडेअकरा मिनिटं धरून) ४-४२ आणि हे ५-४, बावीस मिनिटांचा फरक, घटीला थोडा कमी. हा ग्रहलाघवाच्या खात्यात टाकू का?

शून्य_अंश

टाका, पण एका ओळीवरून नको. त्याच महिन्यातल्या पंधरा तिथी अशाच काढून फरक ओळीनं मांडा. फरक पौर्णिमा-अमावास्येच्या जवळ लहान आणि अष्टमीच्या आसपास मोठा होत गेला तर तो गणिताचा. रोज एकच आकडा आला तर सूर्योदयात किंवा रेखांशात गफलत आहे. पंचांगाच्या पहिल्या पानावर पलभा (विषुवदिनी मध्यान्ही बारा अंगुळांच्या शंकूची सावली, यावरून अक्षांश कळतो) आणि देशांतर दिलेलं असतं, ते पुण्याचंच आहे ना, हेही बघून घ्या. एका गावचं पंचांग दुसऱ्या गावी विकलं जायचं.

जुनीपोथी

पहिलं पान अर्धं फाटलंय, पण पलभा शाबूत आहे: ४ अंगुळे काही व्यंगुळे (अंगुळाचे साठावे भाग), पुढचा आकडा वाचता येत नाही. पंधरा ओळी मांडून टाकतो इथे. डबा आज धुवून ठेवलाय, ०.५ चा ड्रिल उद्या.