मदत हवी आहे: गुरुद्वादशीला ७४ वर्षांच्या आईला नरसोबाच्या वाडीला न्यायचे आहे, घाट कसा उतरवू?

नमस्कार मंडळी,

मी गोव्यातल्या साखळीचा. आईला या गुरुद्वादशीला नरसोबाच्या वाडीला न्यायचे ठरवले आहे. तिचे दोन्ही गुडघे कामातून गेलेत. सपाटीवर काठी टेकत चालते, पण पायऱ्या उतरायच्या म्हटल्या की दोन्ही बाजूंना माणूस लागतो. आणि वाडीला देव पायऱ्यांच्या खाली, अगदी नदीला लागून. वाडीचे, कुरुंदवाडचे, शिरोळ-जयसिंगपूरकडचे कोणी असाल, किंवा नेमाने वारी करणारे असाल, तर कृपा करून सविस्तर सांगा.

"गर्दीचा दिवस टाळा" असे बरेच जण म्हणतील, म्हणून हाच दिवस का ते आधी सांगतो. नृसिंहसरस्वती वाडीला बारा वर्षे राहिले आणि आश्विन वद्य द्वादशीला, मनोहर पादुका औदुंबराखाली ठेवून, गाणगापूरला निघाले. ती ही गुरुद्वादशी. बाबांनी हा दिवस कधी चुकवला नाही. आमच्याकडे तेव्हा नाक्यानाक्यावर नरकासुराचे सांगाडे उभे राहिलेले असतात, पोरे कागद चिकटवत असतात, आणि बाबा खांद्याला पिशवी लावून बेळगावच्या गाडीत बसायचे. चतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जळायच्या आत घरी परत. मग दुधातले, ताकातले, रसातले पोहे पानात पडले की शेजारी बाबांनी वाडीहून आणलेल्या कवठाच्या बर्फीची एक एक वडी यायची. आम्हां भावंडांची दिवाळी त्या आंबट-गोड वडीने सुरू व्हायची. दुसरे म्हणजे ते झाकणाच्या स्टीलच्या डब्यातून कृष्णेचे पाणी आणायचे. आई त्यातले थोडे तुळशीला घालायची आणि उरलेले देवघरात ठेवायची.

आई मात्र त्यांच्याबरोबर एकदाही गेली नाही. ऐन दिवाळीत घर, गोठा आणि आम्ही तिघे सोडून ती जाणार कशी? बाबा गुरुचरित्राचा सप्ताह करायचे आणि ती दाराशी बसून ऐकायची. एवढ्यावरच तिला अख्खी वाडी पाठ आहे. बाबांना जाऊन तीन वर्षे झाली. दर गुरुवारी ती साखळीच्या दत्तमंदिरात जाते, संध्याकाळी करुणात्रिपदी म्हणते. ती टेंबे स्वामींनी वाडीतच रचली, हेही बाबांनीच तिला सांगितलेले. वाडीच्या पेढ्यांचा एक पुठ्ठ्याचा खोका आहे, कडा उसवल्यात, त्यात ती वाती ठेवते. नवा डबा आणून दिला तर घेतला नाही.

गेल्या वर्षी श्रावणात मी तिला नेले होते, आणि ती चूक माझी. निघण्याआधी एका लॉजवर फोन केला तर "पाणी उतरलंय, या तुम्ही" म्हणाले. पोचलो तर देऊळ पाण्यात. दक्षिणद्वार, म्हणजे पुराचे पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते तो सोहळा, केव्हाच होऊन गेला होता, नदी त्याच्याही वर चढलेली. उत्सवमूर्ती वर आणून ठेवली होती, तिचे दर्शन झाले. पण ज्या पादुकांसाठी आई आली होती त्या त्या गढूळ पाण्याखाली. वरच्या पायरीवर माझा दंड धरून ती बराच वेळ उभी राहिली. तिथे काही बोलली नाही. परतताना जांबोटी मागे पडल्यावर एवढेच म्हणाली, "यांना बरे दर वर्षी देऊळ मोकळे मिळायचे." २०१९ आणि २०२१ चे पूर आपण सगळ्यांनी ऐकले-पाहिले, तरी मी धड चौकशी न करता तिला नेले, हे मनाला लागून राहिले आहे.

म्हणून या वेळी नीट विचारून जायचे आहे. पहिली काळजी पायऱ्यांची. पाणी नुकतेच उतरलेले असले की घाटावर गाळ आणि शेवाळ राहते. द्वादशीपर्यंत तो धुऊन काढलेला असतो का? डोली किंवा उचलून नेणारी माणसे तिथे मिळतात का? खुर्चीवर बसून देवासमोर जायला आई आधी नाहीच म्हणणार, पण पेढ्यांच्या दुकानांच्या गल्लीतून घाटापर्यंत तरी व्हीलचेअर चालेल असे वाटते. त्या दिवशी गर्दी असणारच, तर पहाटे काकड आरतीच्या वेळी उतरावे की महापूजा आटोपल्यावर? रात्रीची पालखी तिला पाहायचीच आहे. भोवती रेटारेटी होणार नाही अशा जागी तिला आधीच बसवता येईल का?

मुक्काम एक रात्र. भक्तनिवासात तळमजल्यावरची खोली हवी, संडास कमोडचा. सणासाठी किती दिवस आधी सांगावे लागते?

रस्त्याचे म्हणाल तर केरी, चोर्ला, बेळगाव, निपाणी इथवर ठरले आहे. पुढे हायवेने कागल-कोल्हापूर करून जयसिंगपूरवरून यावे, की बोरगाव-इचलकरंजीवरून कुरुंदवाडला निघून पंचगंगेचा पूल ओलांडावा? अंतर वाढले तरी चालेल, आईला हादरे बसायला नकोत. चोर्ला घाटाची पावसानंतरची अवस्था आठवडाभरात कोणी पाहिली असेल तर तेही लिहा. गोवा एक्सप्रेसने मिरजेला उतरायचा विचार केला होता, पण रात्रीच्या वेळी डब्याच्या पायऱ्या आणि जिना तिला झेपणार नाहीत.

आणखी एक. नदीपलीकडच्या औरवाडला अमरेश्वराच्या देवळात तिला जायचे आहे. गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायातले अमरापूर ते हेच. गरिबाघरी घेवड्याच्या शेंगांची भिक्षा घेऊन गुरूंनी तो वेल उपटला आणि मुळाशी द्रव्याचा कुंभ निघाला, ही कथा ती आजही डोळे पुसत सांगते. नावेतून तिला बसवायचा धीर मला होत नाही. गाडी देवळाच्या किती जवळ जाते?

बाबांचा तो डबा आईने चिंचेने घासून ठेवला आहे. पाणी मी भरून आणले तर तिला नको आहे, स्वतःच्या हाताने भरायचे आहे. तिला पायरीवर बसवून, मी मागून धरून, तिचा हात पाण्याला पोचेल अशी जागा घाटाच्या कोणत्या बाजूला आहे, एवढे तरी कोणी तिथे जाऊन पाहून कळवाल का?