टॉर्कला मराठीत काय म्हणावं?

एका भाषांतरात 'जडत्वाचा क्षण' असं वाचलं आणि हबकलो. मूळ शब्द 'मोमेंट' असणार, हे कळायला पाच मिनिटं लागली! टॉर्कसाठी, म्हणजे बलाच्या फिरवण्याच्या परिणामासाठी, नेमका शब्द कोणता?

— टॉर्क म्हणजे बलाचा मोमेंटच. मराठी विश्वकोशात मोमेंटला 'परिबल' आहे. मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणजे 'निरूढी परिबल'. 'आघूर्ण'ही दिसतो. संस्कृत 'घूर्ण्' म्हणजे गरगरणं, म्हणून मला तोच बरा वाटतो. 'परिबल' वाचलं की तो बलाचाच एखादा प्रकार वाटतो. दार बिजागरीजवळ ढकलून बघा. तेच बल कडीपाशी लावलं की दार अलगद उघडतं. बल न्यूटनमध्ये मोजतात, आघूर्ण न्यूटन-मीटरमध्ये.

न्यूटन-मीटर म्हणजे ज्यूलच ना, कार्य मोजायचं एकक?

— एकक जुळतं, अर्थ नाही. कार्यात अंतर बलाच्या दिशेनं धरतात, इथे बलाला काटकोनात. म्हणून टॉर्कला कोणी ज्यूल लावत नाही.

— 'भुजा' शब्दही जपून वापरा. बलभुजा म्हणजे दांड्याची लांबी नव्हे. टेकूपासून बलाच्या रेषेपर्यंतचं लंब अंतर. 30 सेंमीच्या पान्याच्या टोकाला काटकोनात 200 न्यूटन लावले तर 60 न्यूटन-मीटर. तेच बल पान्याशी 30 अंशांत तिरकं लावलं की निम्मं. पाना तोच, भुजा आखडली.

— भुजेवरून 'पासंग' आठवला. 'पासंगालाही पुरणार नाही' म्हणतो, तोच. रिकाम्या तराजूची दांडी आडवी राहावी म्हणून हलक्या बाजूला लावलेलं वजन. गंमत अशी की पारडी असमान असतील तर पासंगानं काम भागतं. भुजाच असमान असतील तर नाही. समजा एक 20 सेंमी, दुसरी 21. पासंग लावून रिकामी दांडी आडवी केली, तरी 21च्या बाजूला 1000 ग्रॅमचं माप ठेवलं की समोर 1050 ग्रॅम माल लागतो. वजन वाढेल तशी चूकही त्याच पटीत वाढते, पासंग मात्र तेवढाच. उपाय आहे : वस्तू दोन्ही पारड्यांत पाळीपाळीनं तोला आणि दोन आकड्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढा.

वा! मग मी 'आघूर्ण' लिहितो. पहिल्यांदा येईल तिथे कंसात 'टॉर्क'.

— चालेल. फक्त नट आवळणाऱ्याला 'आघूर्ण किती?' विचारू नका. तिथे टॉर्कच.