दिवसातली निवांत वेळ आणि नामस्मरण: तुमचे अनुभव लिहा

कृष्णाकाठ
गेल्या आठवड्यात माळ्यावरची पत्र्याची पेटी आवरताना आजीची गोमुखी सापडली. लाल खणाची ती पिशवी पार विरली आहे, पण आतली तुळशीची माळ शाबूत आहे. मध्येच एकदा दोरा तुटला तेव्हा आजीने शिलाईचा निळा दोरा जोडून मारलेली गाठही तशीच आहे. वाईच्या आमच्या घरी पानाला चौदा माणसे असत, त्यामुळे तिला निवांतपणा मिळणे शक्यच नव्हते. तरीही रात्री झाकपाक झाली, विरजण लागले, की ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसे आणि १०८ मण्यांची एक माळ पुरी करी. तेवढ्या वेळात तिला कोणीही हाक मारत नसे. मी नोकरी, मुलांच्या परीक्षा आणि सासऱ्यांचे आजारपण यांत इतकी गुंतले आहे की पेटी बंद करताना लक्षात आले, देवाचे नाव घेण्यासाठी म्हणून मी कित्येक वर्षांत दहा मिनिटेसुद्धा बसलेले नाही. तुम्ही ही वेळ कशी राखली, किंवा ती कशी निसटली, हे कृपया लिहावे.

विरार जलद
माझा देव्हारा बायकांच्या डब्यात आहे, असेच म्हणते. विरार ते चर्चगेट हे साठ किलोमीटर मी एकोणीस वर्षे करते आहे. गाडीने नायगाव सोडले की फोन पिशवीत जातो आणि खाडीचा पूल सुरू होताच मी मनातल्या मनात हरिपाठ म्हणू लागते. बसायला मिळाले तर बसून, नाहीतर कडी धरून उभ्याने. बोरिवलीला गर्दी आत घुसते तोवर माझे काही अभंग झालेले असतात. माउलींच्या हरिपाठाची सुरुवातच देवाच्या दारी क्षणभर उभे राहण्याने होते, त्यामुळे उभ्याने म्हटल्याची खंत मला कधी वाटली नाही.

पाणी पाचला
मी इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांचे विपश्यना शिबिर केले आहे. पहाटे चारची घंटा, आर्य मौन म्हणजे कोणाशी बोलणे नाही की खाणाखुणा नाहीत, पहिले तीन दिवस केवळ श्वासाकडे पाहणे, आणि चौथ्या दिवशी प्रत्यक्ष विपश्यना, म्हणजे अंगभरच्या संवेदना समभावाने पाहणे. तिथे ते साधले, कारण स्वयंपाकापासून सगळी काळजी दुसऱ्यांनी घेतली होती. घरी परतल्यावर सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसायचे असते. ते मी दोन वर्षांच्या मुलीसह जेमतेम अकरा दिवस पाळू शकलो आणि मग वर्षभर स्वतःवर चिडून पूर्णच सोडून दिले. ती माझी खरी चूक होती. आमच्याकडे नळाला पहाटे पाचला पाणी येते आणि पिंप भरायला वीस मिनिटे लागतात. आता मी मोरीशेजारी पाटावर बसून त्या वीस मिनिटांत श्वास पाहतो. पाण्याचा आवाज बदलला की पिंप भरत आल्याचे न पाहताही कळते, आणि तेव्हा मी उठतो.

सांगलीकर
आमच्या जैन घरात आजी सामायिक करीत असे, म्हणजे दोन घटिका, अठ्ठेचाळीस मिनिटे, एका जागी समभावाने बसणे. मला एक घटिकाच जमते. चोवीस मिनिटे मोजून बसतो.

वसई गाव
आमच्याकडे संध्याकाळी चर्चची घंटा झाली की आई सगळ्यांना घरातल्या अल्तारीपुढे, म्हणजे देवघरापुढे, बोलावून रोझरी, म्हणजे मरियामातेची जपमाळ, सुरू करीत असे. ती गेल्यावर प्रत्येकाची घरी यायची वेळ निराळी झाली आणि ती रीत मोडली. या उपवासकाळात मी आणि धाकट्या भावाने ठरवून, तो दुबईहून फोनवर आणि मी इथे, रोज एकत्र प्रार्थना केली. एकट्याने मला हे कधीच टिकवता आले नसते.

अबोली
सर्वांचे वाचून आनंद झाला, पण थोडे वाईटही वाटले. यजमान तीन वर्षे अंथरुणाला खिळून आहेत. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीही. माझ्याकडे पाच मिनिटेही सलग नाहीत.

रात्रपाळी
अबोलीताई, मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. रुग्णाचे अंग पुसताना मी पाण्यात बुडवलेला कपडा पिळते, तेव्हा प्रत्येक पिळ्याला एकदा नाव घेते. पाठ, खांदे, टाचा, असे करत बरेच नाव होते आणि हातही घाई करत नाहीत. आपण हे तीन वर्षे करीत आहात, तेव्हा यात आपले काही राहून गेले आहे असे कृपया मानू नका. एक विचारते, दुपारी तासभर बसायला कोणी येऊ शकेल का? त्या तासात जप नको, आधी झोप घ्या.

अबोली
नणंद गुरुवारी येते म्हणाली आहे. विचारल्यावाचून तिला तरी कसे कळणार होते! आपले आभार मानते.

विरार जलद
कृष्णाकाठताई, माळ पुन्हा ओवून घेणार असाल तर ओवणाऱ्याला ती निळी गाठ ठेवायला सांगा.

कृष्णाकाठ
ओवायला देणारच नाही. परवापासून विरजण लावून झाल्यावर उंबऱ्याशी बसते आहे. पहिल्या रात्री सात मणी झाले आणि सासऱ्यांनी पाणी मागितले. उठताना आठव्या मण्यावर बोट ठेवून माळ तशीच मुठीत धरून गेले, आणि परत येऊन तिथूनच पुढे म्हटले. काल निळ्या गाठीपर्यंत पोहोचले.