मुलगा सातवीत, शाळा म्हणते दाखला घेऊन जा. सही करू का?

अंबडचा_शिफ्टवाला

नमस्कार मंडळी. रात्रपाळीला आहे, मशीनवर जॉब लावून मोबाईलवर टाइप करतोय, चुका सांभाळून घ्या.

मुलगा नाशिकच्या सिडकोतल्या एका खासगी शाळेत सातवीत आहे. शाळेचं नाव लिहीत नाही, पोराला तिथेच शिकायचंय. दिवाळीनंतर शाळा भरली त्याच दिवशी तिघांनी मधल्या सुट्टीत संडासात सुतळी बॉम्ब लावला, वर बादली उपडी. बादलीच्या चिंध्या झाल्या, दाराच्या फळीला चीर गेली. नशिबाने कुणाला लागलं नाही. बॉम्ब आमच्या चिरंजीवांच्या दप्तरातला, काडेपेटी दुसऱ्याची, डोकं तिसऱ्याचं. चूक आहेच, घरी काय बोलायचं ते बोललोय.

दुसऱ्या दिवशी बायकोला शाळेत बोलावलं. मॅडमनी एक छापील कागद पुढे सरकवला. "कौटुंबिक अडचणीमुळे माझ्या पाल्यास पुढे शिकवू इच्छित नाही, तरी दाखला मिळावा, माझी शाळेविरुद्ध कोणतीही तक्रार नाही." नाव आणि तारखेची जागा कोरी. झेरॉक्सची झेरॉक्स काढून अक्षरं इतकी फिकी झालीत की आम्ही काही पहिले नाही हे उघड आहे. सही नाही केली तर दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात 'असमाधानकारक' लिहू, मग कोण घेतं ते बघा, असं ऐकवलं. बायको शहाणी. "ह्यांना विचारून सांगते" म्हणून कागद पर्समध्ये घालून घरी घेऊन आली. सोमवारपर्यंत मुदत आहे. पोरगं तोवर घरीच. बाकीचे दोघे शाळेत जातायत, त्यातल्या एकाचे वडील पालक-शिक्षक संघावर आहेत.

भांडून राहावं की गुपचूप दुसरी शाळा बघावी?

मखमलाबादचे_मास्तर

सही करू नका. बाकीचं सावकाश वाचा.

एकतीस वर्षं शाळेत काढली, शेवटची नऊ हेडमास्तर म्हणून. सगळी मेख त्या फिक्या कागदात आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत पोराला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ ला या कलमात दुरुस्ती झाली आणि पाचवी-आठवीला नापास करायची मुभा सरकारांना मिळाली. तेव्हापासून बऱ्याच संस्थाचालकांनी सोयीस्कर समज करून घेतलाय की अख्खं कलमच गेलं. काढून टाकायची बंदी जशीच्या तशी आहे, शाळा विनाअनुदानित असली तरी. म्हणून शाळा 'काढत' नाही, तुमच्याकडून 'नेलं' असं लिहून घेते. एकदा 'कौटुंबिक अडचण' खाली तुमची सही पडली की उद्या तक्रार घेऊन गेलात तर साहेब तोच कागद तुमच्यापुढे धरणार.

कबूल करतो, असले दोन अर्ज मीही घेतलेत. १९९८ ची गोष्ट, हा कायदा नव्हता. एका पोराच्या आजीचा अंगठा घेतला. तिने विचारलं, "गुरुजी, ह्यात काय लिवलंय?" मी म्हटलं, "दाखल्याचा अर्ज आहे, आजी." खोटं एक अक्षर बोललो नाही. शाईचं पॅड मीच तिच्यापुढे धरलं होतं. ते पोरगं पुढे रविवार कारंजावर हातगाडी लावायचं. मी ओळखायचो, तो ओळख दाखवायचा नाही.

असो. उद्याच एक पानी अर्ज लिहा, साध्या मराठीत. मुलाला शाळेतून काढण्याची आमची इच्छा नाही, त्याला वर्गात बसू द्यावं, आरोप काय तो लेखी द्यावा आणि पालकांसमोर त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं. दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, सही, आवक क्रमांक घेऊनच जिना उतरा. ऐकलं नाही तर कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार. तुम्ही शहर हद्दीत, म्हणजे महापालिका, शरणपूर रोडला राजीव गांधी भवन. दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. तीन महिने ऐकून हातपाय गाळू नका. तक्रारीची प्रत शाळेच्या टेबलावर पडली की सूर बदलतो, मी टेबलाच्या त्या बाजूला बसून पाहिलंय.

आणि मुलाकडून काही लिहून घेतलंय का ते विचारा त्याला.

अंबडचा_शिफ्टवाला

विचारलं सर. घेतलंय. सरांनी सांगितलं तसं लिहिलं म्हणतो, "मी एकट्याने केले". बॉम्ब शब्द त्याला लिहिता येईना तर फळ्यावर लिहून दाखवला म्हणे.

मखमलाबादचे_मास्तर

मग हेही अर्जात घाला. बारा वर्षांच्या पोराला एकट्याला खोलीत बसवून जबाब घ्यायचा आणि तिघांपैकी एकालाच दोषी धरायचं, ही चौकशी नव्हे. तिघांना एकच माप लावा, एवढं मागायचा तुम्हाला हक्क आहे. शेऱ्याचं म्हणाल तर कायद्याने सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागता येते आणि दाखला उशिरा आला एवढ्यावरून ती शाळा प्रवेश अडवू शकत नाही. पण त्या वाटेला तुम्ही आत्ता जाऊच नका.

पाथर्डी_फाट्याची_आई

सर, कायदा समजला. पण आमची बाजूही ऐका. माझ्या मुलीच्या मागच्या बाकावरचा मुलगा तिला कर्कटक टोचायचा. दंडावर आठ टोके मोजली होती मी, रात्री तेल लावताना. शाळेत गेले की एकच उत्तर, "आठवीपर्यंत काढता येत नाही हो, आमचे हात बांधलेत." वर्ष गेलं तसंच. शेवटी आम्हीच शाळा बदलली. म्हणजे काढलं कुणाला?

मखमलाबादचे_मास्तर

ताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. एवढं सांगतो, 'हात बांधलेत' ही शिक्षक खोलीतली सगळ्यात आळशी सबब आहे. त्या मुलाची तुकडी बदलता आली असती, पहिल्या बाकावर शिक्षकांसमोर बसवता आलं असतं, पालकांना दर आठवड्याला बोलावून वहीत सही घेता आली असती, समुपदेशकाकडे नेता आलं असतं. कुठल्याही कायद्याने यातलं काही अडवलेलं नाही. मारणं आणि मानसिक छळ याला कलम १७ ने बंदी आहे, तेवढीच. पण या सगळ्याला रोज लक्ष द्यावं लागतं. दाखला लिहायला दहा मिनिटं पुरतात.

तुम्ही तेव्हा लेखी दिलं होतं का शाळेला?

पाथर्डी_फाट्याची_आई

नाही. तोंडीच सांगत राहिले.

देवळालीची_मावशी

एक राहिलं. शाळेला अल्पसंख्याक दर्जा आहे का ते आधी बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१४ मध्ये अल्पसंख्याक शाळा या कायद्यातून बाहेर काढल्या. भाच्याच्या वेळी आम्ही कलम १६ घेऊन वाघासारखे गेलो आणि शेळी होऊन परत आलो. त्यात तो नववीत, म्हणजे तसाही या कलमाच्या बाहेर. तिथे मग 'नोटीस दिली नाही, ऐकून घेतलं नाही' यावरच माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे दाद मागावी लागली. नववी-दहावीच्या पालकांनी हे ध्यानात ठेवा.

मखमलाबादचे_मास्तर

मावशी, बरं झालं आठवण केलीत. मी हे पहिल्याच उत्तरात सांगायला हवं होतं.

अंबडचा_शिफ्टवाला

अपडेट देतो. शाळेला अल्पसंख्याक दर्जा नाही. क्लार्कने अर्ज हातात घेतला, वाचला, आणि "मॅडम मीटिंगमध्ये आहेत" म्हणून शिक्का मारायला नकार दिला. त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवला, एक प्रत महापालिकेच्या शिक्षण विभागात देऊन तिथला शिक्का घेतला. शुक्रवारी संध्याकाळी मॅडमचाच फोन. "एवढ्यावर जायची काय गरज होती, चर्चेने सुटलं असतं."

सोमवारी तिन्ही पोरं, तिन्ही घरचे एका खोलीत. माझ्या पोराने सगळं सांगितलं, बॉम्ब कुणी आणला इथपासून, म्हणजे स्वतःपासूनच सुरुवात केली. काडेपेटीवाल्याचे वडील आधी तणतणले, मग गप्प झाले. बादली आणि दाराचा खर्च तिघांत वाटून, आणि महिनाभर तिघांची मधली सुट्टी स्टाफरूमबाहेरच्या बाकावर. मला पटलं. पोराला अजिबात पटलेलं नाही, डबा तिथेच खावा लागतो म्हणून.

निघताना मॅडमनी तो छापील कागद परत मागितला. घरी राहिला म्हणालो. सर, तो देऊन टाकू का?

मखमलाबादचे_मास्तर

मुळीच नाही. लॅमिनेट करा.